रणगाड्याचे पट्टे आणि दादाचं भाषण



दिवाळीनंतर इथे काही लिहिणं झालं नाही. कारणं नेहमीचीच. गुडघे, लग्नसराई आणि आळस. पण या खेपेला आणखी एक कारण होतं. गेले चार महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर एक रणगाडा उभा आहे. त्याच्या आजूबाजूला स्क्रू, ग्रीसची डबी, चिमटे, कानस असा सगळा संसार. ताट ठेवायला जागा नाही म्हणून मी ओट्याशीच उभी राहून जेवून घेते. सून चिडते, मी चिडत नाही. का चिडत नाही, तेच आज सांगायचं आहे.

नातू यंदा अकरावीला आहे. त्याच्या मामाने जर्मनीहून येताना त्याला रिमोटवर चालणारा रणगाडा आणला. मूळ टायगर रणगाड्याच्या सोळाव्या हिश्शाचा. तोफेसकट अर्ध्या मीटरपेक्षा थोडा लांब. बुरूज फिरतो, तोफ वरखाली होते, इंजिनाचा आवाज येतो, आणि आत तेल तापवून मागच्या नळ्यांतून चक्क धूर निघतो. बनावट चीनची. हेंग लाँग नावाच्या कंपनीचे हे रणगाडे २००० च्या दशकापासून जगभर विकले जातात आणि त्यामानाने स्वस्त असतात. स्वस्त असण्याचं कारण म्हणजे चाकं, पट्टे, तळ असं बरंचसं प्लास्टिकचं.

आता या छंदाची गंमत अशी आहे की खेळणं विकत घेणं ही नुसती सुरुवात. खरा खेळ पुढे. प्लास्टिकचा एकेक भाग काढायचा आणि त्या जागी धातूचा बसवायचा. त्यासाठी सुटे भाग विकणाऱ्या वेगळ्या कंपन्या आहेत. नातवाने मूळ खेळण्याइतकेच पैसे या सुट्या भागांवर घालवले असतील. (त्यातले काही आजीचे. हे त्याच्या आईला सांगू नये.)

झालं काय, ते क्रमाने सांगते. कारण या क्रमातच सगळी गोष्ट आहे.

आमच्या अंगणात मुरूम टाकलेला आहे. त्यात रणगाडा चालवला आणि तिसऱ्या दिवशी पट्ट्याची एक प्लास्टिकची कडी तुटली. नातवाने धातूचे पट्टे मागवले. जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव कड्या, एकेक सुटी, बारीक पिनांनी एकमेकींत गुंफलेली. हातात घेतल्यावर पैंजणासारख्या वाजतात, आणि चांगल्या जड. ते बसवल्यावर रणगाडा असा काही रुबाबात चालला की शेजारची मंडळी बघायला आली.

आठवड्याभरात पट्टे घसरायला लागले. बघतो तर पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकाचे दात झिजून बोथट झालेले. चाक प्लास्टिकचं, पट्टा धातूचा. दुसरं काय होणार? मग पुढचं दातेरी चाक धातूचं आलं आणि मागचं ताण धरणारं चाकही धातूचं आलं. आता दात झिजेनात. पण वळताना पोटातून कर्रर्र असा आवाज यायला लागला. खालचा भाग उघडला तर गिअरबॉक्समधल्या एका गिअरचे दोन दात गायब. म्हणून पोलादी गिअरची पेटी आली, बॉल बेअरिंगसकट. ती पेटी ज्या तळावर बसते तो तळ प्लास्टिकचा. जोर पडला की तळच लवायचा, आणि शेवटी स्क्रूच्या भोकापाशी चीर गेली. मग धातूचा तळ. तळ धातूचा झाला आणि वजनाने चाकांचे दांडे खाली बसले, रणगाडा म्हातारीसारखा वाकून चालायला लागला. तेही बदलले. आता मोटर तापते आणि बॅटरी पूर्वीच्या निम्म्या वेळात संपते.

नातू डोक्याला हात लावून बसला आणि म्हणाला, "आजी, मी एक गोष्ट दुरुस्त करतो आणि दुसरी मोडते. संपतच नाही हे."

आणि मला एकदम माझा दादा आठवला. इतका स्पष्ट, की मी क्षणभर बोललेच नाही.

दादाचं सांगते, पण जरा थांबून. आधी इतिहास. छत्तीस वर्षं इतिहास शिकवला आहे, सवय जात नाही. :)

रणगाडा पहिल्यांदा लढाईत उतरला १५ सप्टेंबर १९१६ ला, फ्रान्समध्ये सॉमच्या आघाडीवर. ब्रिटिशांनी गुप्तता राखण्यासाठी त्याला पाण्याची टाकी म्हणून संबोधलं आणि टँक हेच नाव चिकटलं. हे मी दर वर्षी वर्गात सांगायची, मुलांना आवडायचं. पण त्या दिवशी हाताशी असलेल्या ४९ रणगाड्यांपैकी बरेचसे शत्रूपर्यंत पोचलेच नाहीत, वाटेतच बंद पडले किंवा चिखलात रुतले, हे मी फारसं सांगितलं नाही. पुस्तकात नव्हतं आणि प्रश्नपत्रिकेत येत नव्हतं.

आता हे खेळणं. त्याचाही इतिहास आहे आणि तो जपानमध्ये सुरू होतो. शिझुओका नावाचं शहर, लाकडाच्या कामासाठी जुनं प्रसिद्ध. जून १९४५ मध्ये बाँबहल्ल्यात ते जळालं. दुसऱ्या वर्षी, १९४६ मध्ये, तिथे योशिओ तामिया या गृहस्थांनी लाकडाचा व्यवसाय सुरू केला. लाकूड कापता कापता जहाजांचे आणि विमानांचे लाकडी नमुने करायला लागले. १९५१ मध्ये कारखान्याला आग लागली, मोठं नुकसान झालं, आणि पुढे वखारीचा धंदा सोडून त्यांनी नमुन्यांवरच भर दिला. तोवर परदेशातून प्लास्टिकचे नमुने यायला लागले होते. त्यांच्यापुढे लाकूड टिकेना. १९६० मध्ये तामियांनी आपला पहिला प्लास्टिकचा नमुना काढला, यामातो या युद्धनौकेचा. तो काही चालला नाही. मग त्यांनी पँथर या जर्मन रणगाड्याचा नमुना केला, आत मोटर आणि बॅटरी बसेल असा. मुलांनी तो उचलून धरला आणि कंपनी तरली. गंमत म्हणजे पस्तिसाव्या हिश्शाचं जे प्रमाण पुढे जगभर रूढ झालं, ते कुठल्या शास्त्राने ठरलेलं नव्हतं. मोटर आणि बॅटरी आत मावल्या पाहिजेत, म्हणून आकार ठरला आणि प्रमाण मागाहून मोजलं गेलं.

पुढे १९७४ मध्ये याच कंपनीने सोळाव्या हिश्शाचा, रेडिओवर चालणारा अमेरिकन शर्मन रणगाडा आणला. म्हणजे आमच्या टेबलावर जो उभा आहे त्याचा हा आजोबा. आज पाऊणशे वर्षांपूर्वी जळालेल्या त्या शहरातून जगभरच्या मुलांना रणगाडे आणि युद्धनौका जातात, पण प्लास्टिकच्या. मला हे फार विलक्षण वाटतं.

आता नातवाला मी म्हटलं, तुझ्या खेळण्याचं सोड, खऱ्या टायगरचं काय होतं ते बघू. आम्ही दोघांनी मिळून वाचायला सुरुवात केली. तो मोबाइलवर, मी चष्मा लावून त्याच्या खांद्यावरून.

टायगर १९४२ मध्ये लढाईत आला. वजन ५७ टनांच्या आसपास, पुढचं चिलखत १०० मिलिमीटर जाड, ८८ मिलिमीटरची तोफ. कासेल शहरातल्या हेन्शेल कारखान्यात साधारण साडेतेराशे तयार झाले. वजन इतकं की रुंद पट्ट्यांशिवाय मातीत रुतायचा, आणि रुंद पट्टे लावले की रेल्वेच्या वाघिणीवर मावायचा नाही. म्हणून प्रत्येक टायगरला पट्ट्यांचे दोन जोड. लढाईला ७२५ मिलिमीटर रुंदीचे आणि रेल्वेप्रवासाला ५२० चे. प्रत्येक प्रवासाआधी बाहेरची चाकं काढा, पट्टे बदला, उतरल्यावर पुन्हा तेच. त्याची चाकं एकमेकांत शिरलेली, आपण पत्ते पिसताना अर्धे अर्धे सरकवतो तशी. भार छान वाटला जायचा, पण रशियातल्या हिवाळ्यात मध्ये अडकलेला चिखल गोठून चाकं जाम व्हायची. आतलं एक चाक बदलायचं तर बाहेरची कितीतरी आधी काढावी लागत.

पण नातवाच्या प्रश्नाचं खरं उत्तर टायगरमध्ये नाही, पँथरमध्ये सापडलं.

पँथरची आखणी सुरू झाली तेव्हा तो ३० टनांच्या गटातला मध्यम रणगाडा व्हायचा होता. आखणी पुढे सरकली तसं चिलखत वाढत गेलं. पुढचं चिलखत ६० वरून ८० मिलिमीटर करा, असा खुद्द हिटलरचा आग्रह. प्रत्यक्ष रणगाडा तयार झाला तेव्हा वजन ४५ टनांच्या घरात गेलं होतं. आता इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवणारा शेवटचा टप्पा असतो, त्याला फायनल ड्राइव्ह म्हणतात. नातवाच्या खेळण्यात जे गिअर कर्रर्र करून गेले, नेमके तेच. एवढ्या वजनाला तिथे एका गिअरभोवती अनेक गिअर फिरतात अशी रचना हवी होती, म्हणजे भार वाटला जातो. पण तसे गिअर कापणारी यंत्रं जर्मनीत पुरेशी नव्हती. म्हणून साधे सरळ दातांचे गिअर बसवले. चिलखत जाड झालं, तोफ लांब झाली, इंजिन जोरदार झालं आणि या सगळ्याचा भार जाऊन पडला त्या दोन-चार दातांवर.

जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत सुमारे २०० पँथर पहिल्यांदा उतरवले. पहिल्या काही दिवसांतच निम्म्याहून अधिक कामातून गेले. काही सुरुंगांनी, काही तोफांनी, आणि पुष्कळसे आपले आपणच. इंजिनाला आगी लागल्या, गिअर गेले. पुढे सुधारणा झाल्या, पण तो शेवटचा गिअर शेवटपर्यंत दुखणंच राहिला. युद्धानंतर फ्रेंच सैन्याने ताब्यात आलेले पँथर काही वर्षं वापरले. त्यांच्या १९४७ च्या अहवालात या फायनल ड्राइव्हचं सरासरी आयुष्य १५० किलोमीटर दिलं आहे. दीडशे किलोमीटर! नगरहून निघालं तर पुणं ओलांडून थोडं पुढे जाईपर्यंत.

याच्या शेजारी शर्मन ठेवून बघा. तीस टनांच्या आसपास, दिसायला उंच आणि काहीसा बेढब, चिलखत कमी. पण त्याच्या फायनल ड्राइव्हचे गिअर माशाच्या काट्यासारख्या तिरप्या दुहेरी दातांचे, भार नीट पेलणारे. आणि त्याचं नाक, म्हणजे पुढचा तो गोलाकार ओतीव भाग, बोल्ट काढले की सुटा व्हायचा, की आतली यंत्रणा हाताशी. असे जवळजवळ ५०,००० शर्मन तयार झाले. शूर योद्ध्यांच्या गोष्टीत तो कधी नायक नसतो. पण तो पोचायचा.

इथे नातवाने एक चांगला प्रश्न विचारला. म्हणाला, "माझ्या टायगरचे गिअर बदलल्यावर आता टिकले आहेत. खऱ्याचे का टिकत नव्हते? पोलाद तर दोन्हीकडे."

मी कागद-पेन्सिल घेतली. बीएला इतिहास होता, पण घरात हिशोब मीच करते. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सोळापट केली की वजन सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, म्हणजे ४०९६ पट होतं. पण गिअरच्या दाताची ताकद त्याच्या कापलेल्या तोंडाच्या क्षेत्रफळावर, ते वाढतं फक्त २५६ पट. म्हणजे मोठ्या यंत्राच्या दातावर छोट्यापेक्षा सोळापट ताण. उलटं करून बघितलं. खरा टायगर ५७ टन, त्याला ४०९६ ने भागलं तर १४ किलोला थोडे कमी. नातवाचा रणगाडा इतका धातू घालूनही याच्या जेमतेम निम्म्यावर आला असेल, कारण आत पोकळच आहे. म्हणजे खेळण्यातल्या पोलादी गिअरला आयुष्यभर आराम आहे. हे सगळं गॅलिलिओने १६३८ मध्येच आपल्या ग्रंथात मांडून ठेवलं आहे, मोठ्या प्राण्यांची हाडं जाड का असावी लागतात हे सांगताना. नातू म्हणाला, "आजी, तू गणित शिकवायला हवं होतंस." मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

वाचताना आणखी एक गोष्ट सापडली, तिने मात्र मला शिक्षिका म्हणून हलवलं. १९४३ मध्ये जर्मन सैन्याने टायगरच्या चमूसाठी एक पुस्तिका काढली, टायगरफिबेल नावाची. फिबेल म्हणजे बाराखडीचं पुस्तक, अंकलिपी. रणगाड्याची निगा कशी राखायची हे तिच्यात व्यंगचित्रं आणि चुटकेवजा कवितांमधून शिकवलं होतं. काही चित्रं आजच्या नजरेला आचरट वाटतील अशी आहेत. पण कल्पना बघा. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना रुक्ष तांत्रिक पुस्तक दिलं तर ते वाचणार नाहीत, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. अमेरिकन सैन्यानेही तेच केलं. विल आयस्नर या नामवंत चित्रकाराकडून त्यांनी गाड्यांच्या देखभालीवर चित्रकथा काढून घेतल्या. म्हणजे दोन्हीकडच्या सैन्यांना पक्कं ठाऊक होतं की लढाईचा मोठा भाग म्हणजे ग्रीस, पाना आणि पिना. ठाऊक नव्हतं ते मला.

एक गोष्ट मात्र नातवाला बजावून सांगितली. हा रणगाडा दिसतो रुबाबदार, पण तो कुणासाठी चालत होता आणि तो घडवणाऱ्या कारखान्यांत गुलामासारखी राबवलेली परदेशी माणसं होती, हे विसरायचं नाही. तो बाजूवर क्रूस रंगवत होता तेव्हाच सांगितलं. तो म्हणाला, माहीत आहे आजी. बरं वाटलं.

तर आता दादा.

माझा थोरला भाऊ माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. १९६० मध्ये सैन्यात गेला. तो लढणाऱ्यांत नव्हता, दुरुस्ती करणाऱ्यांत होता, ईएमई या विभागात. १९६५ च्या युद्धात तो पंजाबच्या बाजूला शर्मन रणगाड्यांच्या दुरुस्तीवर होता. त्या सप्टेंबरात खेमकरणजवळ असल उत्तरला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाकिस्तानचे अमेरिकन पॅटन रणगाडे नवे, आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धातले जुने शर्मन, फ्रेंच एएमएक्स आणि ब्रिटिश सेंच्युरियन. आपल्या लोकांनी पाणी सोडून शेतं चिखलमय केली, उसात रणगाडे दडवले, आणि ८ ते १० सप्टेंबरच्या तीन दिवसांत पॅटनची दाणादाण उडवली. अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेने रणगाडे टिपले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. हे मी वर्गात अगदी रंगवून सांगायची.

दादा निवृत्त होऊन घरी आला, आणि १९७९ च्या २६ जानेवारीला मी त्याला आमच्या शाळेत भाषणाला बोलावलं. मी तेव्हा नवी नवी शिक्षिका, माझा भाऊ युद्धात होता याचा केवढा अभिमान. मुलांना सांगून ठेवलं होतं, खरा सैनिक येणार आहे, युद्धाची गोष्ट सांगणार आहे.

दादा इस्त्रीचा सदरा घालून आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. उभा राहिला, पुडकं उघडलं आणि एक लोखंडाचा तुकडा वर धरला. शर्मनच्या पट्ट्याच्या दोन कड्या जोडणारा तुकडा, भंगारातून आणलेला. त्यात एक पाचर असते आणि ती बोल्टने आवळलेली असते. ती ढिली पडली की कडी सुटते, कडी सुटली की पट्टा उतरतो आणि पट्टा उतरला की तीस टनांचा रणगाडा हे नुसतं लोखंडाचं घर. एका रणगाड्याला दोन्ही बाजू मिळून दीडशेहून अधिक कड्या. रोज मुक्कामाला पोचलं की चहाच्या आधी प्रत्येक पाचर तपासायची. दादा हेच सांगत राहिला. तुकडा पहिल्या रांगेत दिला, मुलांनी हातोहात फिरवायला सुरुवात केली. मग ग्रीस कुठे घालायचं ते. मग पट्टा फार ताणला तर गिअरवर भार येतो आणि सैल सोडला तर वळताना उतरतो, ते. मागच्या रांगा चुळबुळ करायला लागल्या. कुणीतरी जांभई दिली. मुख्याध्यापकांनी घड्याळ बघितलं.

मला लाज वाटली. हो, लाजच वाटली. मी एका चिठ्ठीवर लिहिलं, "दादा, लढाईचं सांग," आणि शिपायाच्या हाती पाठवली.

त्याने चिठ्ठी वाचली, घडी केली, खिशात ठेवली. मग म्हणाला, "मुलांनो, एक लक्षात ठेवा. कुठलाही एक भाग बदलला की त्याच्या शेजारच्याला आधी विचारायचं, तुला झेपेल का? जय हिंद." आणि खाली बसला. मुलं हसली. त्यांना वाटलं विनोद आहे.

घरी येताना वाटेत मी काहीच बोलले नाही, तोही नाही. फाटकापाशी एवढंच म्हणाला, "पोरं लहान आहेत गं." मला तेव्हा वाटलं, मुलांना कळलं नाही असं तो म्हणतोय. आज वाटतं, मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला असेल.

त्यानंतर दादाने माझ्यापाशी सैन्यातलं काही काढलं नाही. मीही विचारलं नाही. तो २०११ मध्ये गेला.

चार महिन्यांपूर्वी नातू म्हणाला, एक दुरुस्त करतो आणि दुसरं मोडतं, तेव्हा पंचेचाळीस वर्षांनी ते वाक्य मला ऐकू आलं. शेजारच्याला आधी विचारायचं. पँथर बनवणाऱ्यांनी चिलखत वाढवलं आणि गिअरला विचारलं नाही. याच्या उलट उदाहरण म्हणजे इस्रायलचं. त्यांनी १९५० आणि ६० च्या दशकांत जुन्या शर्मनवर फ्रेंच बनावटीच्या मोठ्या तोफा बसवल्या. पण नुसती तोफ बसवून थांबले नाहीत. पुढे तोफ जड झाली म्हणून बुरुजाच्या मागे वजन जोडलं, नवं डिझेल इंजिन घातलं, रुंद पट्ट्यांची नवी चाकं लावली, आणि सर्वांत मोठी तोफ होती तिची नळी आखूड केली. एकेका शेजाऱ्याला विचारत गेले. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातला रणगाडा त्यांना १९७३ च्या युद्धापर्यंत पुरला.

नातवाला मी दादाचं वाक्य सांगितलं. त्याने ते टेबलावरच्या त्याच्या वहीत लिहून ठेवलं. आता तो नवा भाग मागवण्याआधी यादी करतो, याचा भार कुणावर जाईल? परवा त्याने पट्ट्यातली एक कडी काढली, पिन ठोकून, आणि ताण थोडा सैल केला. फक्त तेवढ्याने मोटर तापणं कमी झालं. एक पैसा खर्च न करता.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं आमच्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलो. (आता शहराचं नाव अहिल्यानगर आहे, पण जिभेला वेळ लागतो.) १९९४ मध्ये ते सुरू झालं, तेव्हापासून कितीतरी सहली मी तिथे नेल्या आहेत. रांग लावा, हात लावू नका, वहीत नावं लिहा. पॅटनपुढे उभं राहून असल उत्तर सांगायचं, विजयंतापुढे आवडीचा कारखाना. या वेळी नातू सरळ खाली उकिडवा बसला आणि चाकं बघायला लागला. म्हणाला, "आजी, टायगर आणि शर्मनचं दातेरी चाक पुढे असतं, पॅटनचं मागे आहे बघ." इतक्या वर्षांत माझं लक्ष कधी तिकडे गेलं नव्हतं. गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढी मीही वाकले. कड्या, पिना, बोल्ट. प्रत्येक बोल्ट कुणीतरी कधीतरी आवळलेला. नावाची पाटी रणगाड्याला असते, बोल्ट आवळणाऱ्याला नसते.

शाळेतल्या त्या सभेतली मुलं आता साठीच्या आसपास असतील. त्यांच्यातल्या कुणाला तो लोखंडाचा तुकडा हातात घेतल्याचं आठवत असेल का, कोण जाणे. मी स्वतः तो हातात घेतला नव्हता.

आता आमच्या घरच्या मंडळींना एक विनंती. दादाच्या खोलीत रद्दी उडू नये म्हणून तो तुकडा तो वर्तमानपत्रांवर ठेवायचा, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी बघितलं असेल. तो गेल्यावर सामान वाटलं गेलं तेव्हा मी भांडी आणि फोटो आणले, तुकड्याकडे बघितलं नाही. कुणाकडे असेल तर टाकू नका, भंगारात देऊ नका. मला कळवा, मी आणि नातू न्यायला येऊ. आणि त्याने १९६५ मध्ये आईला पाठवलेली पत्रं कुणाकडे असतील तर तीही. त्यांत लढाईचं काही नसेल, हे ठाऊक आहे. पाचरी आणि ग्रीसच असेल. तेच हवं आहे.

बाकी ठीक. टेबल अजून रिकामं झालेलं नाही.